पडवीतला दर्या

भगवंत तांडेल होडीवरून कायमचा उतरला तो पौषात, आणि उतरला तो तोंडाला कुलूप लावूनच. चाळीस वर्षं ज्या माणसानं भर वाऱ्यात ओरडून सात खलाशी कामाला लावले, त्याच्या छातीत एका सकाळी जाळं ओढता ओढता कळ आली. पालघरच्या डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली आणि सांगितलं, होडी बंद, जाळं बंद, पाण्याचा हंडासुद्धा उचलायचा नाही. डॉक्टर भला माणूस होता. पण काय करायचं नाही ते सगळं सांगून झाल्यावर, मग दिवसभर करायचं काय, ते सांगायला विसरला.

तांडेलाचं घर नवापूरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. ओट्यावर बसलं की समोर दर्याच. तर हा गडी रोज सकाळी ओट्यावर यायचा आणि दर्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसायचा. जेवायला हाक मारली तर अर्धी भाकरी खायचा. काही विचारलं तर 'हं', नाही विचारलं तर तेवढंही नाही. होडी त्यानं मेहुण्याच्या, म्हणजे दादूच्या हवाली केली होती. दादू बिचारा रोज संध्याकाळी येऊन जाळ्यात काय लागलं, कुठं लागलं ते सांगायचा आणि भिंतीशी बोलल्यासारखा बोलून निघून जायचा.

काशीबाई त्याची बायको. ही बाई म्हणजे काय विचारता. काळीसावळी, उंच, डोक्यावर पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात शिरली की आधी तिचा आवाज पोचायचा आणि मग ती. तिच्याशी भावावरून घासाघीस करायची तर माणसानं घरून जेवून निघावं. वादळाला, पोलिसाला, सासूला, कुणाला म्हणून ती भ्यालेली नव्हती. पण त्या दोन महिन्यांत ती पहिल्यांदा भ्यायली. तिच्या सासऱ्यानंही असंच छातीपायी होडी सोडली होती. तोही असाच ओट्यावर गप्प बसला होता, आणि सहाव्या महिन्यात गेला. दुखण्यानं नाही गेला, गप्प बसून गेला, असं काशीबाईचं पक्कं मत होतं. आता तेच आपल्या घरात दुसऱ्यांदा घडतंय, हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

ही गोष्ट सहासष्ट-सदुसष्टच्या सुमाराची. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि बोईसरला कुठल्या कुठल्या मुलखातले साहेबलोक बिऱ्हाडं करून राहिले होते. त्यातल्या चंद्रकांताबाई काशीबाईचं नेहमीचं गिऱ्हाईक. शिमग्याच्या आसपास एकदा काशीबाई त्यांच्याकडे पापलेट द्यायला गेली, तर खिडकीशी मेजावर काचेची पेटी, पेटीत पाणी आणि पाण्यात सोनेरी रंगाचे चार बोटभर मासे. पेटीतून बुडबुडे निघत होते.

"हे कधी शिजवायचं?" काशीबाईनं सरळ विचारलं.

चंद्रकांताबाई हसून म्हणाल्या, "अगं, खायचे नाहीत ते. नुसते बघायचे."

काशीबाई वाटभर हसत आली. संध्याकाळी भाकऱ्या थापताना तिनं नवऱ्याला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. उत्तराची तिला आशा नव्हतीच, आपलं बोलायचं म्हणून बोलत होती. "मासे पाळतात म्हनं. बगायला. आनि आमी येडे पाटी भरभरून विकतो."

"ते झोपतात कसे?" भगवंत म्हणाला.

काशीबाईचा हात तव्यावर तसाच राहिला. "कोन?"

"मासे. डोले मिटतात का?"

दोन महिन्यांनी नवऱ्याच्या तोंडून प्रश्न निघाला होता. भाकरी करपली, पण तिनं ती उलटली नाही. हळूच म्हणाली, "मला काय म्हाईत. चालीस वर्सं तुमी मासे मारलेत. तुमाला नाय म्हाईत?"

भगवंतानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "मी मासा बगितला तो जाल्यात आल्यावर. तडफडताना. त्याच्या आदी तो खाली काय करतो, कसा राहतो, कधी बगितलंच नाय." आणि त्या रात्री तो पाऊण भाकरी जेवला.

झालं, काशीबाईनं मनाशी गाठ मारली. घरात मासे आणायचे. चंद्रकांताबाईंनी दोन सोनेरी मासे द्यायची तयारीही दाखवली. पण भगवंतानं नाक मुरडलं. तळ्यातले ते कसले मासे, म्हणाला. ठेवायचे तर दर्याचे. चंद्रकांताबाई म्हणाल्या, तसलं मुंबईच्या मोठ्या मत्स्यालयात असतं, घरात कुणी केलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. हे काशीबाईनं घरी येऊन सांगितलं मात्र, आणि तांडेलाची मान ताठ झाली. कुणी केलं नाही म्हटल्यावर कोळ्याच्या अंगात येतंच काहीतरी.

मग आठ दिवस नुसता बेत चालला. ठेवायची कुठं? ओट्यावर ऊन. घरात चुलीचा धूर. राहता राहिली उत्तरेच्या अंगाची पडवी. तिथं काशीबाईचे सुक्या मासळीचे रांजण होते. ते तिनं तोंडातून अक्षर न काढता न्हाणीपाशी हलवले, आणि तिला ओळखणाऱ्यांना एवढ्यावरून कळावं की प्रकरण किती गंभीर होतं. भगवंतानं जाळं मोजायची गाठींची दोरी काढली. लांबी इतकी, रुंदी इतकी, म्हणजे चौदा हंडे पाणी. चौदा हंड्यांचं वजन शेणानं सारवलेल्या जमिनीवर टेबलाचे पाय रुतवणार. म्हणून आधी दगडी चौथरा रचला. दगड दादूनं आणले, भगवंतानं नुसतं बोट दाखवलं. बोट दाखवायला डॉक्टरांची मनाई नव्हती.

पेटी करायची कोणी? रामा सुतार होता ना, होड्या बांधणारा. त्याला बोलावून सांगितलं तर तो डोकं खाजवायला लागला. "तांडेलबाबा, आमची सगली अक्कल पानी आत येऊ नये म्हनून. तुमी तर म्हनता पानी आतच ठेव."

"उलटी होडी बांद," भगवंत म्हणाला.

रामाला ते पटलं. जुन्या होडीच्या सागवानी फळ्यांची त्यानं पेटी बांधली. फटींत कापसाचे पीळ ठासले, वरून राळ आणि तेल कढवून भरलं. लोखंडाचा एक खिळा आत राहू दिला नाही, कारण खाऱ्या पाण्यात लोखंडाचं काय होतं ते त्याला सांगायची गरज नव्हती. पुढची बाजू तेवढी काचेची. पालघरला तसबिरी मढवणाऱ्याकडून काच आणली, आणि पेटी अर्धी भरली न भरली तोच ती काच मधोमध फुटून सगळं पाणी पडवीभर झालं. काशीबाईची कोंबडी वाहत वाहत अंगणात गेली. दुसरा कुणी नवरा असता तर तिनं त्याची अशी काही खरडपट्टी काढली असती की बस. पण भगवंत कंबरेवर हात ठेवून हसत होता. तिनं खराटा घेतला आणि गुपचूप पाणी काढलं.

जाड काच मिळाली ती ट्रकची. बांधकामाच्या माल वाहणाऱ्या गाड्यांवर एक सरदारजी ड्रायव्हर होता, काशीबाईकडून मासे घ्यायचा. त्याच्याकडे मोडीत निघालेल्या गाडीची पुढची सपाट काच पडून होती. काशीबाईनं आपल्या हिंदीत त्याला समजावलं की मच्छीला घर बांधायचंय. सरदारजी म्हणाला, "माई, मछली को भी क्वार्टर मिल गया? हमें तो नहीं मिला." काच दिली, वर एक जुनी ट्यूबही दिली, आणि बदल्यात तळलेल्या तुकड्यांची परात घेऊन गेला.

ट्यूब कशाला? तर बुडबुड्यांना. चंद्रकांताबाईंच्या पेटीला विजेचा पंप होता, नवापूरच्या त्या घरात वीज कुठली. भगवंतानं डोकं लढवलं. सायकलच्या पंपानं ट्रकची ट्यूब टम्म फुगवायची, तिच्या तोंडाला रबराची बारीक नळी, नळीच्या टोकाला वेताचा तुकडा बोळ्यासारखा बसवायचा आणि तो पाण्यात सोडायचा. वेताच्या छिद्रांतून हवा इतकी बारीक सुटायची की पाण्यात पिठासारखे बुडबुडे. सकाळ-संध्याकाळ ट्यूब भरावी लागे. पंप मारणं भगवंताला मना, म्हणजे मग कोण मारणार? काशीबाई रोज बाजाराला निघायच्या आधी पदर खोचून पन्नास पंप मारायची आणि म्हणायची, "पोरांना मी येवढा वारा नाय घातला."

पाण्याच्या बाबतीत मात्र भगवंतानं कुणाचं ऐकलं नाही. काठाचं पाणी नको, खाडीच्या तोंडचं नको. पुनवेच्या उधाणात दर्या ढवळून निघतो, गढूळ होतो. अष्टमीला भरती मंद, तिला भांगाची भरती म्हणतात, तेव्हा पाणी काचेसारखं असतं. त्या दिवशी दादूनं होडी आत नेऊन मडक्यांतून पाणी आणलं. हंडे-कळश्या तांब्यापितळेच्या, खाऱ्या पाण्यानं त्यांना हिरवं चढतं, ते माशाला बाधेल, म्हणून मातीची मडकी. पहिलं पाणी तीन दिवस ठेवून ओतून दिलं, लाकडाचा रंग उतरत होता. पेटी जरा पाझरली, तर रामा म्हणाला, पिऊ द्या तिला, लाकूड पाणी प्यायलं की फट आपसूक मिटते. तसंच झालं. मग सात पाण्यांनी धुतलेली वाळू, खडकावरचे शेवाळ धरलेले दोन धोंडे, आणि पुन्हा भांगाचं पाणी.

पहिला पाहुणा आला तो निवटी. चिखलात उड्या मारणारा तो मासा पेटीत दोन घटका थांबला, मग काठावर चढला आणि पडवीतून चालत चालत थेट चुलीपर्यंत आला. काशीबाईनं त्याला चिमट्यानं उचलून खाडीत सोडलं. त्यानंतर ओहोटीला खडकातल्या डबक्यांतून दादूनं बारीक जाळीनं पकडून आणली ती बोय माशाची चार पिल्लं, अंगावर काळे पट्टे असलेल्या दोन बोटभर मासोळ्या, आणि शंखात राहणारा एक खेकडा.

आणि काय सांगावं, तांडेल बोलायला लागला. सकाळी उठला की पेटीपुढं पाट घेऊन बसायचा. काशीबाई बाजारातून आली की तिच्या डोक्यावरची पाटी उतरायच्या आत सुरू. "काशे, ते डोले मिटतच नाय. पापनीच नाय त्यांना. धोंड्याच्या आडोशाला गप उभे राहतात, तीच झोप." दुसऱ्या दिवशी, "पट्टेवाल्याचं घर डाव्या धोंड्याखाली. बोय तिकडं गेली की तो तिला हाकलतो. जमीन मोजून घेतलीय त्यानं." खेकडा जुना शंख सोडून नव्यात शिरला तो दिवस तर सणासारखा गेला. आळीतले लोक येऊन बघून जायचे. चाळीस वर्षांच्या संसारात काशीबाईनं नवऱ्याचं एवढं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. होडीवरचा माणूस तो, घरी यायचा तो जेवायला आणि झोपायला. ती आपली हो हो करत ऐकायची. तिला त्या माशांचं काडीचं कौतुक नव्हतं. पण तो दोन भाकऱ्या खात होता, आणि ती सुखात होती.

चैत्र सरला, वैशाख लागला, ऊन असं की पाय भाजावेत. पेटीतलं पाणी रोज बोटभर खाली जायचं. भगवंत रोज न चुकता दादूकडून आणलेलं एक मडकं समुद्राचं पाणी वर घालायला लावायचा आणि पातळी होती तिथं आणायचा. एवढी काळजी. आणि एका सकाळी बोयचं एक पिल्लू पोट वर करून तरंगताना दिसलं. चार दिवसांनी दुसरं. मग एक पट्टेवाला तळाशी जाऊन नुसता धापा टाकायला लागला आणि दुपारी गेला. महिना भरायच्या आत खेकड्याशिवाय कुणी राहिलं नाही.

भगवंतानं कारणं शोधली. राळ बाधली असेल, धूर आला असेल, शेजारणीची दृष्ट लागली असेल. दादूनं नवी पिल्लं आणली, धडधाकट, चपळ. ती दुसऱ्याच दिवशी मेली. महिनाभर जगले ते जुने बरे, अशी गत.

त्या संध्याकाळी भगवंतानं मेलेली पिल्लं ओंजळीत घेतली, किनाऱ्यावर जाऊन पाण्यात सोडली आणि परत आला. काशीबाईनं भाकरी वाढली तर ताट सरकवलं. आपले दोन्ही तळवे उघडून बघत म्हणाला, "या हातानं मारूनच घेतलं आजवर. या हाताला जित्ता मासा मानवायचा नाय." दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर गेला, दर्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

काशीबाईनं हातपाय गाळले नाहीत असं म्हणणं खोटं होईल. त्या दिवशी ती बाजाराला गेलीच नाही. माजघरात बसून पोटभर रडली. मग उठली, कारण पावसाळ्याची बेगमी व्हायची होती, मासळी खारवायची होती. रांजणात मीठपाण्यात कोपरापर्यंत हात घालून तिनं दिवसभर काम केलं. संध्याकाळी सवयीनं पडवीत गेली, पंपाला हात घातला. पेटीत खेकडा एकटा बसला होता, त्याच्यासाठी का होईना हवा हवी. पंप मारता मारता तिचं लक्ष काचेच्या वरच्या कडेकडे गेलं. तिथं पांढरी रेघ जमली होती. तिनं बोट फिरवलं आणि चाखलं. मग पेटीत बोट बुडवून चाखलं. मग न्हाणीपाशी जाऊन, ज्या रांजणात दिवसभर हात होता त्यात बोट बुडवून चाखलं.

ती तशीच ओट्यावर गेली आणि नवऱ्यापुढं उभी राहिली. "उठा. दर्यावर जाऊन वाटीभर पानी आना."

"कशाला?"

"उठा म्हनते ना."

तिच्या आवाजात असं काही होतं की तो उठला. वाटी घेऊन आला. तिनं त्याला पडवीत नेलं. "आदी वाटीतलं चाखा." त्यानं चाखलं. "आता पेटीतलं चाखा."

चाळीस वर्षं ज्याच्या नाकातोंडात दर्या गेला, त्या माणसाला दर्याची चव कुणी शिकवायची? त्यानं पेटीतलं पाणी जिभेवर घेतलं आणि थुंकलं. पुन्हा वाटीतलं घेतलं. पुन्हा पेटीतलं.

"हे दर्याचं पानी नाय," तो म्हणाला.

"नायच. हे माज्या रांजनातलं पानी. आवो, ऊन पानी नेतं, मीठ मागं ठेवतं. मिठागरात काय होतं मग? तुमी रोज वरून आनखी खारं घातलंत, आनखी मीठ घातलंत. पोसलं नाय तुमी त्यांना, खारवलंत." तिनं त्याचे दोन्ही हात धरले. "तुमच्या हाताचा दोस नाय. ऐकता का? हाताचा दोस नाय. जेवडं पानी उडालं तेवडं गोडं घालायचं होतं."

आता इथं खरी अडचण होती, ती दुसऱ्या कुणाला समजायची नाही. नवापूरच्या होड्यांवर एक शिस्त होती. गोड्या पाण्याचं पिंप माणसांसाठी, त्यातला थेंब दर्यात पडता कामा नये. दर्याला गोडं पाणी दाखवायचं नाही, असं जुने लोक म्हणत, आणि हात धुवायला पिंपाला हात लावणाऱ्या पोरग्या खलाशाच्या पाठीत भगवंतानं स्वतः दोरी ओढलेली होती. चाळीस वर्षांत त्याच्या होडीवरून गोड्या पाण्याचा एक घोट समुद्रात गेला नव्हता. म्हणून तर पाणी कमी झाल्यावर तिथं विहिरीचं पाणी घालावं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"दर्याच्या माशाला गोडं?" तो म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "इख दे त्यापेक्षा."

"पाऊस पडतो दर्यात, तो काय खारा पडतो?"

त्यावर तांडेल गप्प बसला. पण हे गप्प बसणं निराळं होतं, विचाराचं होतं, आणि हा फरक काशीबाईला बरोबर ओळखता यायचा. सकाळी तो म्हणाला, "अष्टमी कधी हाय?"

अष्टमीला जुनं पाणी उपसून टाकलं. खेकडा तेवढा मडक्यात काढून ठेवला, त्याच्या मडक्यात नवं पाणी थोडं थोडं मिसळत त्याला सवय करून दिली. पेटी पुन्हा भांगाच्या पाण्यानं भरली. काचेवर डांबरानं एक रेघ ओढली. होड्या किनाऱ्यावर ओढायचे दिवस आले होते, त्याआधी दादूनं खडकातून एक पट्टेवाला आणि तीन बोय आणून दिल्या. दुसऱ्या सकाळी पाणी रेघेच्या खाली अर्धं बोट. काशीबाईनं विहिरीचं पाणी तांब्यात घेतलं आणि घालायच्या आधी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं तोंड फिरवलं.

"घाल," तो म्हणाला. "मी नाय बगत."

तिनं घातलं. बारीक धार धरून, एका कडेला. भगवंत दोन घटका भिंतीकडे बघत राहिला, मग न राहवून वळला. पट्टेवाला डाव्या धोंड्याखालून बाहेर आला होता आणि बोयला हाकलत होता.

आठवडा गेला. पंधरवडा गेला. ज्येष्ठ संपून आषाढ लागला, बाहेरचा दर्या तांबडालाल होऊन गर्जायला लागला आणि पडवीतला निवांत, निर्मळ. होड्या बंद, म्हणून दादू, रामा आणि बाकीचे खलाशी तिथंच येऊन बसायचे आणि तांडेल त्यांना कोण कुणाच्या हद्दीत शिरतं ते समजावून सांगायचा. पट्टेवाला आता त्याच्या बोटांतला जवळा घ्यायला वर येऊ लागला होता. गोडं पाणी आता तो स्वतः घालत असे. पहिल्या दिवशी घालताना त्यानं हात जोडले होते, ते काशीबाईनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सासऱ्याचा सहावा महिना तिच्या डोक्यात घर करून होता. भगवंताचा सहावा आला आणि गेला, आणि त्या दिवशी तिनं कुणालाही न सांगता गावदेवीला नारळ फोडला.

श्रावणातली गोष्ट. काशीबाई सुकी मासळी विकून बोईसरहून आली. अंगण ओलांडून पडवीत शिरली, पाटी उतरवली, आणि आजच्या माशांच्या बातम्या ऐकायला तयार झाली.

भगवंत पाटावरच बसला होता. पण त्याची पाठ काचेकडे होती. तो तिच्याकडे बघत होता.

"काशे, दारापर्यंत जाऊन परत चालत ये."

"आता हे काय खूळ?"

"ये तर."

ती दारापर्यंत गेली आणि परत आली. तो तिच्या पायांकडे नीट बघत राहिला, घाई नाही की काही नाही, रोज सकाळी पेटीपुढं बसून बघायचा तसाच.

"डाव्या पायावर भार देत नायस तू," तो म्हणाला. "कधीपासून?"

काशीबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "झाली असतील तीन वर्सं. पाटीच्या वज्यानं."

"तीन वर्सं." भगवंतानं मान खाली घातली. "आनि मी बगितलंच नाय."

"तुमी दर्यावर होतात."

"घरी पन होतो." तो उठला, आपला पाट तिच्यापुढं सरकवला आणि स्वतः खाली जमिनीवर बसला. "बस. कुठं दुकतं ते सांग."

काशीबाई बसली. साऱ्या बोईसरच्या बाजाराला पुरून उरणारी ती बाई, तिनं निमूटपणे पाय पुढं केला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिनं पुसलं नाही. मग तिनं घोट्यापासून सुरुवात केली, गुडघ्यावर आली, तिथून कमरेवर, कमरेवरून धाकट्या लेकीच्या बाळंतपणावर, आणि दिवेलागण झाली तरी ती अजून लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातच होती. भगवंत ऐकत होता. तिचा पाय त्यानं आपल्या मांडीवर घेतला होता.